घरपोच पॅलिएटिव्ह सेवा: काम चांगलं चाललंय हे कशावरून ठरवायचं?

अबोली७ · ३ जून, २१:१२

घरभेटी देणाऱ्या पॅलिएटिव्ह (गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या) पथकांचे वार्षिक अहवाल बहुतेक एकाच साच्यातले असतात. इतके रुग्ण, इतक्या घरभेटी, इतकी शिबिरं, इतक्या व्हीलचेअर वाटल्या. रुग्णाचं दुखणं किती कमी झालं याचा आकडा शोधून सापडत नाही.

आता हा प्रश्न टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. २०२१ च्या सीएसआर (कंपन्यांनी समाजकार्यावर करायचा खर्च) नियमांनुसार ज्या कंपनीचं गेल्या ३ वर्षांचं सरासरी सीएसआर दायित्व १० कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला १ कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यमापन बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं. लहान देणगीदारही आता तेच विचारू लागलेत.

चर्चेसाठी एक नमुना पथक धरू: लोकसंख्या ३ लाखांचा तालुका, २ परिचारिका, आठवड्यातून दोन दिवस डॉक्टर, १ समाजसेवक, १ गाडी, वर्षाला १५० नवे रुग्ण. अशा पथकाने काय मोजावं, कसं मोजावं आणि काय मोजण्याच्या भानगडीत पडू नये? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

निंबोणी · ३ जून, २२:०५

सुरुवात एकाच आकड्यापासून करावी. पहिल्या भेटीत ज्यांची वेदना १० पैकी ४ किंवा जास्त होती, त्यांतल्या किती जणांची ७२ तासांत ४ च्या खाली आली? एवढा एक आकडा नीट ठेवला तरी पथकाची अर्धी तब्येत कळते. हा कमी असेल तर मॉर्फिन (तीव्र वेदनेवरचं औषध), रेचक (शौचाला साफ होण्याचं औषध), फोन, भेटीचं वेळापत्रक यांपैकी काहीतरी नक्की बिघडलंय.

पहिल्या भेटीत आकडा वेळेसकट लिहायचा. ४ किंवा जास्त असेल तर निघण्याआधीच फोनची तारीख आणि वेळ ठरवायची, तिसऱ्या दिवशी फोन करून पुन्हा आकडा घ्यायचा. फोन रुग्णाला, आणि रुग्ण बोलू शकत नसेल तरच घरच्यांना. उत्तर कुणी दिलं तेही लिहायचं, कारण घरच्यांचा आकडा आणि रुग्णाचा आकडा सहसा जुळत नाही.

‘आत्ता किती दुखतंय’ एवढंच विचारून थांबू नका. परिचारिका सकाळी ११ ला पोहोचते, १० ची गोळी लागू पडलेली असते, रुग्ण ‘२’ सांगतो. रात्री २ वाजता तोच ९ वर असतो. म्हणून दोन आकडे घ्या: आत्ताचा, आणि गेल्या २४ तासांतला सगळ्यात वाईट. ७२ तासांच्या हिशेबात दुसरा धरा.

शाळा न शिकलेल्या म्हाताऱ्या माणसांना ० ते १० जमत नाही. त्यांना आणे समजतात. ‘रुपयाभर दुखत होतं, आता किती आणे?’ असं विचारलं की ‘चार आण्यावर आलंय’ असं स्वच्छ उत्तर मिळतं. फक्त आण्यांचं गणित करून दशांशात आकडा काढायच्या फंदात पडू नका. नाही, थोडं, मध्यम, फार अशा चार गटांत टाका आणि कुणाला कशाने विचारलं ते नोंदवा. पुढच्या वेळी त्याच माणसाला त्याच मापाने विचारायचं.

---

कऱ्हाकाठ · ३ जून, २२:४१

+१. आणि वेदना कमी झाली नाही तर कारणाचा रकाना हवाच, नाहीतर आकडा बघून करायचं काय?

नेहमीची कारणं मोजकी असतात. मॉर्फिन ठरलेल्या ४-४ तासांनी न घेता ‘लागेल तेव्हा’ घेतलं. व्यसन लागेल किंवा ‘ही शेवटची गोळी’ या भीतीने घरच्यांनी दिलंच नाही. गोळ्या संपल्या. शौचाला होईना म्हणून बंद केलं. मध्येच उसळणाऱ्या वेदनेसाठीचा जादा डोस सांगितलाच नव्हता (दिवसभराच्या एकूण मात्रेचा साधारण सहावा हिस्सा). नाहीतर वेदना नसांची आहे आणि एकट्या मॉर्फिनने जाणारी नाही. प्रत्येकाला १ ते ६ असा क्रमांक द्या. तीन महिन्यांनी बेरीज केली की प्रशिक्षण कुणाला द्यायचं, परिचारिकेला की कुटुंबाला, ते आपोआप दिसतं.

यालाच जोडून दुसरा सोपा निर्देशांक: मॉर्फिन सुरू केलेल्या किती जणांना त्याच दिवशी रेचक लिहून दिलं? हे १०० टक्केच असायला हवं. अपवाद जुलाब होणारा किंवा आतड्यात अडथळा असलेला रुग्ण, आणि तो अपवाद कागदावर लिहिलेला असावा.

---

तळटीप · ४ जून, ०७:३०

निंबोणी यांचा आकडा योग्यच, पण तो छापताना छेद प्रामाणिक हवा. बहुतेक गोंधळ तिथेच होतो.

मानीव आकडे घेऊ. १५० पैकी ९० जणांना पहिल्या भेटीत वेदना ४ किंवा जास्त. त्यांपैकी ६३ जणांचा ७२ तासांचा आकडा मिळाला. ४५ जण ४ च्या खाली आले. अहवालात छापतात ४५ भागिले ६३, म्हणजे ७१ टक्के. पण ९० पैकी ४५ म्हणजे ५० टक्के. उरलेले २७ कोण? काही गेले, काही बेशुद्ध होते, काहींचा फोन लागला नाही, काहींना फोन करायचाच राहिला. यातले पहिले दोन गट सगळ्यात जास्त आजारी, म्हणजे जे सापडले ते मुळातच बरे होते. दोन्ही टक्केवाऱ्या शेजारी-शेजारी छापाव्यात आणि २७ जणांची कारणवार फोड द्यावी. आकडा न मिळालेल्यांचं प्रमाण हासुद्धा गुणवत्तेचाच निर्देशांक आहे.

दुसरं, महिन्याला १२-१३ नवे रुग्ण म्हणजे वेदनेच्या गटात ७-८. एक माणूस इकडचा तिकडे झाला की टक्केवारी १३-१४ ने हलते. ‘मार्चमध्ये सुधारणा, एप्रिलमध्ये घसरण’ या चर्चेला तेव्हा काही अर्थ नसतो. महिनेवार ठिपके काढा, मधली रेघ मध्यकाची (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा). सलग ६ ठिपके रेघेच्या एकाच बाजूला पडले तर खरंच काही बदललंय असं समजा. तोवर धीर धरा.

---

सागरगोटा · ४ जून, ०९:५५

प्रश्न: रुग्णाची लक्षणं मोजायला एडमंटन मापन वापरावं की आयपॉस प्रश्नावली?

---

निंबोणी · ४ जून, १३:२०

दोन्ही चालतात, पण मधेच बदलू नका.

एडमंटनमध्ये ९ लक्षणं, प्रत्येकी ० ते १०: वेदना, थकवा, गुंगी, मळमळ, भूक, दम लागणं, उदासी, काळजी, एकंदर बरं वाटणं. सुधारित आवृत्ती ‘आत्ता’ काय वाटतंय ते विचारते. सवय झाली की पाच मिनिटांत होतं. आयपॉस ० ते ४ वर चालतं. त्यात लक्षणांखेरीज कुटुंबाची काळजी, मनःशांती, माहिती मिळाली का, व्यवहाराच्या अडचणी सुटल्या का हेही येतं, आणि ‘तुमच्या मुख्य अडचणी कोणत्या’ हा मोकळा प्रश्न अगदी सुरुवातीला असतो. रुग्णाने भरायची आणि कर्मचाऱ्याने भरायची अशा दोन आवृत्त्या आहेत, त्यामुळे शेवटच्या दिवसांतही नोंद तुटत नाही. सेवा मनाला आणि घराला पोहोचते का हे बघायचं असेल तर आयपॉस सरस आहे. दोन परिचारिकांचं पथक असेल तर मी एडमंटन आणि वर आयपॉसमधल्यासारखा एक मोकळा प्रश्न असं सुचवीन.

खरी अडचण शब्दांची. ‘नैराश्य’ म्हटलं की घरातले दचकतात. ‘मन कशात लागतं का’ म्हटलं की रुग्ण बोलायला लागतो. ‘चिंता’पेक्षा ‘जीव घाबरा होतो का’ जास्त कळतं, पण मग दमेकरी छातीबद्दल सांगायला लागतो. थकवा, अशक्तपणा, गळून जाणं हे तिन्ही एकच समजले जातात. आणि ‘एकंदर बरं वाटणं’ इथे हमखास उलटं होतं: मापात १० म्हणजे सगळ्यात वाईट, माणूस १० म्हणजे झकास समजून सांगतो. बाकी सगळे आकडे ७-८ आणि हा एकटा ९ किंवा १० असेल तर घाईने ‘वाईट’ लिहू नका, पुन्हा विचारा. एकदा भाषांतर केलं की ८-१० रुग्णांना ‘यातून तुम्हाला काय समजलं’ असं विचारून तपासा, आणि मग शब्द गोठवून टाका. प्रत्येक परिचारिकेने आपापल्या बोलीत विचारलं तर आकड्यांची तुलनाच होत नाही.

---

दीपमाळ · ४ जून, १९:१८

हे बाहेर कसं करतात याचा एक चांगला नमुना ऑस्ट्रेलियात आहे. तिथे २००५ पासून पॅलिएटिव्ह सेवांचे परिणाम मोजणारा पीसीओसी नावाचा राष्ट्रीय उपक्रम चालतो. सेवा रुग्णाची अवस्था ठरवतात: स्थिर, अस्थिर, खालावती, अंतिम. अवस्था बदलली की लक्षणं पुन्हा मोजतात. त्यावर ठरलेली उद्दिष्टं आहेत:

सेवेसाठी तयार झालेल्या ९० टक्के रुग्णांची सेवा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू व्हावी. अस्थिर अवस्था ९० टक्के वेळा ३ दिवसांत किंवा त्याआधी संपावी. अवस्थेच्या सुरुवातीला वेदना नव्हती किंवा सौम्य होती, त्यांच्यापैकी ९० टक्क्यांची शेवटीही तशीच राहावी. आणि मध्यम किंवा तीव्र वेदना असलेल्यांपैकी ६० टक्क्यांची सौम्य व्हावी किंवा जावी.

शेवटचा आकडा नीट बघा. अनुभवी, साधनसंपन्न सेवांसमोरही उद्दिष्ट ६० चं ठेवलंय, ९५ चं नाही. कुणी ‘आमच्या सर्व रुग्णांची वेदना गेली’ असं लिहिलं तर आधी मोजणी तपासावी.

‘अस्थिर’ ही कल्पना इथेही जशीच्या तशी घेण्यासारखी आहे. नवी अडचण अचानक उभी राहिली, जुनी झपाट्याने वाढली किंवा घरातली परिस्थिती एकदम बदलली (सांभाळणारी सून बाळंतपणाला गेली, मुलगा कामावर परतला) आणि आत्ताचा बेत अपुरा पडला, की रुग्ण अस्थिर. नवा बेत ठरून तो लागू पडतोय असं दिसेपर्यंत किती दिवस गेले, ते मोजायचं. आठवड्यातून एकदाच गाडी फिरवणाऱ्या पथकाला ३ दिवसांचं उद्दिष्ट फोनशिवाय गाठता येणार नाही.

---

कऱ्हाकाठ · ४ जून, २०:०२

फोनवरून आठवलं. ‘२४ तास हेल्पलाइन’ असं पत्रकावर असतं. मोजायचं असेल तर मोबाइलमधली हुकलेल्या कॉलची यादी महिनाअखेर उतरवून घ्या. रात्री ९ ते सकाळी ७ मध्ये किती फोन आले, किती उचलले, हुकलेल्यांना किती मिनिटांत उलट फोन गेला. कुणाला काही विचारावं लागत नाही, खोटं बोलायलाही वाव नाही.

---

सागरगोटा · ५ जून, १०:११

घरच्यांचं समाधान मोजतात त्याचं काय? निधी देणाऱ्यांना तेच सगळ्यात आवडतं.

---

दीपमाळ · ५ जून, ११:४०

समाधानाच्या प्रश्नाला आपल्याकडे ‘खूप समाधानी’ शिवाय उत्तर मिळत नाही. फुकट सेवा, दारात आलेली माणसं, मरणाचं घर. कोण तक्रार करणार? त्यामुळे मत विचारू नका, घडलेलं विचारा. ‘शेवटच्या आठवड्यात रात्री फोन करायची वेळ आली का? कुणी उचलला? पुढे काय होणार हे आधी कुणी समजावून सांगितलं होतं का? घरात औषध संपलं असा एखादा दिवस आला का? मृत्यूचा दाखला मिळायला किती फेऱ्या झाल्या?’ शेवटचा प्रश्न मुद्दाम घातलाय. घरी मृत्यू झाला की कारणाचं प्रमाणपत्र डॉक्टरने नमुना ४ अ वर द्यायचं असतं. ते कोण देणार हे आधी ठरलेलं नसेल तर त्या दिवशी घरच्यांची वणवण होते. चांगल्या पथकाने ती होऊ देता कामा नये.

कधी विचारायचं? तेराव्याच्या आत अजिबात नाही. मृत्यूनंतर ६ ते १० आठवडे बरे. वर्षश्राद्धापर्यंत थांबलं तर तपशील पुसट होतात. विचारणारी व्यक्ती सेवा देणाऱ्या पथकातली नको.

सांभाळणाऱ्या माणसाच्या ओझ्यासाठी झारिट प्रश्नावली आहे, मूळ २२ प्रश्नांची, १२ प्रश्नांची छोटीही मिळते. पण ती रुग्णासमोर किंवा सासूसमोर विचारली तर सुनेकडून शून्यच येईल. समाजसेवकाने चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात किंवा अंगणात एकटीशी बोलायला हवं.

---

जमाखर्च · ५ जून, २१:२५

पैशाच्या बाजूबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

‘प्रति भेट खर्च’ हा आकडा कुठेही छापू नये असं माझं ठाम मत आहे. मानीव हिशेब: वर्षाचा खर्च २४ लाख, भेटी १,८००, म्हणजे भेटीला १,३३३ रुपये. आता पथकाने जवळच्या गावांतल्या स्थिर रुग्णांकडे उगाच ६०० भेटी वाढवल्या, डिझेल १ लाखाने वाढलं. २५ लाख भागिले २,४००, भेटीला १,०४२. कागदावर कार्यक्षमता वाढली, रुग्णाला फायदा शून्य, आणि लांबच्या पाड्यावरचा माणूस तसाच राहिला.

‘प्रति रुग्ण खर्च’ही फसवा. रुग्ण शेवटच्या आठवड्यातच पाठवले गेले तर प्रति रुग्ण खर्च आपोआप घटतो. त्यापेक्षा सेवेच्या एकूण दिवसांनी भागा. १५० रुग्ण, सरासरी ४५ दिवस, म्हणजे ६,७५० दिवस. २४ लाखांना दिवसाला सुमारे ३५६ रुपये. त्याच्याच शेजारी नोंदणी ते मृत्यू या कालावधीचा मध्यक आणि ‘नोंदणीनंतर ७ दिवसांत गेलेल्यांचं प्रमाण’ द्या. कर्करोग आणि इतर आजार वेगळे ठेवा, नाहीतर दोन-चार अर्धांगवायूचे रुग्ण सरासरी कुठल्या कुठे नेतात. खर्चात चालकाचा पगार, गाडीचा घसारा, फोन, प्रशिक्षण, स्वयंसेवकांचे तास सगळं धरा.

बचतीबद्दल: ‘एक रुग्णालयात दाखल होणं टळलं म्हणजे इतके वाचले, गुणिले रुग्ण’ हे गणित करू नका. सेवेआधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने अशी तुलनाही चुकते. माणूस बहुधा संकटात असतानाच नोंदवला जातो, त्यामुळे आधीचा काळ मुळातच महागडा असतो, आणि मृत्यूजवळ खर्च पुन्हा चढतो. तुलनेला दुसरा गट नसेल तर बचतीचा दावा न केलेला बरा.

---

अबोली७ · ५ जून, २२:१०

पण बचत होते असं दाखवणारे अभ्यास आहेत ना?

---

जमाखर्च · ६ जून, ०८:०५

आहेत, पण ते कशाबद्दल आहेत ते बघायला हवं. २०१८ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात, दाखल झाल्यापासून ३ दिवसांत पॅलिएटिव्ह सल्ला मिळालेल्या रुग्णांचा रुग्णालयाचा थेट खर्च सरासरी ३,२३७ डॉलरने कमी दिसला. तो रुग्णालयातल्या सल्ल्याबद्दल आहे, तिथल्या किमतींत. तालुक्यातल्या घरभेटींना तो चिकटवता येत नाही.

२०१० चा बॉस्टनमधला अभ्यास जास्त महत्त्वाचा. पसरलेला फुप्फुसाचा कर्करोग असलेले १५१ रुग्ण, चिठ्ठ्या टाकून दोन गट. सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह सेवा मिळालेल्यांचं जगणं जास्त चांगलं होतं, उदासी कमी होती, शेवटी आक्रमक उपचार कमी झाले (३३ विरुद्ध ५४ टक्के), आणि मध्यक आयुष्य ११.६ महिने, दुसऱ्या गटात ८.९. मूल्य म्हणतात ते हे. पैसे वाचले नसते तरी ही सेवा द्यायलाच हवी होती.

आपल्याकडे मोजायचं ते कुटुंबाच्या खिशातून काय गेलं ते. पहिल्या भेटीत आणि मग दर महिन्याला पाच गोष्टी: औषधं, प्रवास, बुडालेली मजुरी (रुग्णाची आणि सांभाळणाऱ्याची), नवं कर्ज, विकलेलं किंवा गहाण टाकलेलं. सहावी, कुणा मुलाची शाळा सुटली का. दोन खर्चिक पण निरुपयोगी तपासण्या आणि एक मुंबईची फेरी टळली तर घरासाठी ते खरं मूल्य, मग सरकारी हिशेबात ते दिसो न दिसो.

---

सागरगोटा · ६ जून, ११:३२

घरी मृत्यू होण्याचं प्रमाण? ते तर सगळीकडे यशाचं माप म्हणून देतात.

---

निंबोणी · ६ जून, १४:१५

आपल्याकडे ते एकटं माप धोक्याचं आहे. ‘आता घरी घेऊन जा’ म्हणून सोडून दिलेला, मॉर्फिनशिवाय तळमळत गेलेला माणूसही घरीच जातो. घरी मृत्यू ही इथे बऱ्याचदा सेवेच्या अभावाचीच खूण असते. म्हणून तीन नोंदी एकत्र: कुठे राहायचं आहे हे रुग्णाला विचारलं का, काय उत्तर आलं, प्रत्यक्षात काय झालं. आणि शेवटच्या ४८ तासांत वेदना, धाप, घरघर यांवरची औषधं घरात होती का. इच्छा बदलते, त्यामुळे तारखेसकट लिहा. आजार रुग्णापासून लपवलेला असेल तर प्रश्न थेट विचारता येत नाही. तिथे ‘त्रास वाढला तर कुठे असावंसं वाटतं’ असं विचारा.

---

कऱ्हाकाठ · ६ जून, १८:५०

साठ्याबद्दल राहिलंच. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर मॉर्फिन आवश्यक अमली औषधांत आहे आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला पूर्वीसारखे ढीगभर परवाने लागत नाहीत. तरी साठा संपतोच, कारण मागणी उशिरा जाते. ३० रुग्ण, सरासरी दिवसाला ६० मिग्रॅ, म्हणजे १० मिग्रॅच्या रोज १८० गोळ्या, महिन्याला ५,४००. पुरवठ्याला लागणारा काळ ३ आठवडे असेल तर साठा ३,७८० वर येताच मागणी जायला हवी, वर दोन आठवड्यांची गंगाजळी म्हणजे २,५२०. एकूण ६,३०० वर घंटा वाजली पाहिजे. निर्देशांक: वर्षात मॉर्फिन शून्यावर असलेले दिवस. दुसऱ्या रुग्णालयाकडून उसने आणलेले दिवसही शून्यातच मोजा.

---

तळटीप · ६ जून, २१:००

पोहोचही मोजा. हजारी ६ मृत्युदर धरला तर ३ लाखांच्या तालुक्यात वर्षाला १,८०० मृत्यू. त्यातल्या एक तृतीयांशांनाच गरज होती असं हात आखडून धरलं तरी ६००. नमुना पथकाचे १५० म्हणजे चौथा हिस्सा. हे १५० कोणत्या गावांतले, त्यात बायका किती, कर्करोगाखेरीजचे किती, हे नकाशावर ठिपके टाकून बघा. डांबरी रस्त्याच्या कडेनेच ठिपके दिसले तर भेटींचा आकडा कितीही मोठा असो, प्रश्न तिथे आहे.

---

अबोली७ · ७ जून, २०:४५

सगळ्यांचे आभार. एका पानात बसवायचा प्रयत्न केलाय: ७२ तासांत वेदना (दोन्ही छेदांनी), न आलेल्या आकड्यांची कारणं, मॉर्फिनसोबत रेचक, अस्थिर अवस्थेचे दिवस, रात्रीचे फोन, मॉर्फिन शून्य दिवस, ७ दिवसांत गेलेल्यांचं प्रमाण, इच्छा आणि प्रत्यक्ष जागा, कुटुंबाच्या खर्चाचे सहा प्रश्न, सेवेच्या दिवसामागे खर्च. भेटींची संख्या तळाशी, लहान अक्षरात. परिचारिकेला रोज जादा लिहावं लागेल ते १० मिनिटांत मावायला हवं, नाहीतर महिनाअखेर मनाने भरलं जाईल.

---

निंबोणी · ७ जून, २१:३०

पान चांगलं झालंय. एक दुरुस्ती: ७२ तास कधीपासून मोजायचे ते लिहिलेलं नाही. पहिल्या भेटीपासूनच मोजा, पहिल्या गोळीपासून नको. लिहून दिलेली गोळी तालुक्याला जाऊन आणायला दोन दिवस लागले तर तो उशीरही सेवेचाच आहे. पहिली गोळी प्रत्यक्ष पोटात गेली ती वेळ शेजारच्या रकान्यात घ्या.